टेकडी दिसली तो गुरुवार

१

हेस्टर रॉथवेलच्या संकलनाच्या खोलीत फिल्मचा वीतभर तुकडाही कधी हरवत नसे. सोहोतल्या त्या चिंचोळ्या जिन्याच्या टोकाला लार्कफील्ड फिल्म कंपनीचं बिऱ्हाड होतं आणि कंपनीचं गिऱ्हाईक एकच, सरकार. युद्ध संपलं तरी लोकांना शिकवायच्या गोष्टी संपल्या नव्हत्या. खोकताना रुमाल धरा, बटाटे सालीसकट उकडा, मुलांना लस टोचून घ्या. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी या फिल्मा लागत आणि लोक तेवढ्यात आइस्क्रीम आणायला उठत. हेस्टरला त्याचा राग यायचा. आपण जोडलेल्या फिल्मवर कुणाचा तरी जीव वाचतो, अशी तिची श्रद्धा होती.

नवी फिल्म होती 'जाळी बसवा, जीव वाचवा'. उत्तरेकडच्या ओल्डरशॉ गावातल्या बर्टेनशॉ कापूसगिरणीत तिचं चित्रण झालं होतं. आधीची संकलक बाळंतपणाला गेली, म्हणून अर्धवट काम हेस्टरकडे आलं. ओल्डरशॉला पहिला खेळ व्हायचा होता. शेवटची नजर टाकताना तिचा हात थांबला.

पिंजणखात्यातला शॉट होता. फिरता पट्टा, त्यावर नवीकोरी लोखंडी जाळी आणि शेजारी कामकरी पोशाखातली तरुणी. ती मान वळवते, तोंड उघडते आणि शॉट खटकन तुटतो. पुढचा तुकडा खुंटीवर नव्हता, खालच्या कापडी टोपलीतही नव्हता. आणि जिथे शॉट तुटला होता तिथला काप तिरका होता, चित्राच्या अगदी मधून गेलेला. जणू कुणी घाईघाईने साध्या कात्रीने कापड कापावं तसा.

या शॉटला साधं समजून चालणार नव्हतं, कारण तो कोर्टात जाऊन आला होता. चित्रणाच्याच दिवसांत, एका गुरुवारी दुपारी, सेथ एन्ट्विसल नावाच्या कामगाराची बाही त्या पट्ट्यात सापडली आणि तो मेला. गिरणीतच लहानाचे मोठे झालेले व्यवस्थापक ग्रेटोरेक्स यांनी चौकशीत सांगितलं की जाळी त्याच सकाळी बसवली होती. सेथनेच आगाऊपणा करून ती काढली. सकाळी सगळे कामगार चित्रणासाठी आवारात होते, म्हणून जाळी कुणी पाहिली नाही. पण कॅमेऱ्याने पाहिली. शॉटमधल्या मुलीला साक्षीला बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. हाच शॉट दाखवला गेला, दिग्दर्शकाने शपथेवर दुजोरा दिला आणि सेथ स्वतःच्या चुकीने मेला असं ठरलं.

हेस्टर तो तिरका काप निरखत होती, तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. दारात काळ्या कोटातली एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई उभी होती.

"माझ्या नवऱ्याला खोटं पाडणारी फिल्म इथंच केली ना?" ती म्हणाली. "मला ती पाहायचीय. कोर्टात मला मागे बसवलं होतं, पुढे साहेबलोकांच्या पाठीच पाठी."

२

अल्मा एन्ट्विसलला हेस्टरने खुर्ची दिली, चहा दिला. बाईच्या बोलण्याची लकब तिने लगेच ओळखली. हेस्टरही त्याच खोऱ्यातली, शेजारच्या गावची. शिष्यवृत्तीवर शिकली, युद्धात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून शत्रूचे कारखाने हुडकायचं काम केलं आणि मग लंडनचीच झाली. बोलणं बदललं होतं, पण आई जन्मभर मागावर उभी राहिलेली. माग चाळीस वर्षं कानाशी खडखडले की काय ऐकू येणार? घरातलं सगळं बोलणं ओठ वाचूनच चालायचं.

अल्माने थोडक्यात सगळं सांगितलं. सेथ शनिवारी पुरला गेला आणि त्याच दिवशी वेक्सची सुट्टी लागली. या सुट्टीत गावातल्या यच्चयावत गिरण्या आठवडाभर बंद राहतात आणि सगळं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर पळतं. शेजारणी थांबायला तयार होत्या. अल्मानेच त्यांना घालवलं. पोराबाळांची वर्षाची एकच सहल, ती का बुडवायची? रिकाम्या गावात ती एकटी राहिली. बुधवारी कबरीवरून परत येताना तिला बर्टेनशॉ गिरणीतून यंत्राची घरघर ऐकू आली. एकाच यंत्राची. चौकशीत तिने हे सांगितलं, तर ग्रेटोरेक्स हळहळून म्हणाले की शोकात माणसाचे कान वाजतात.

"तीस वर्षं त्या गिरणीत काढली मी," अल्मा म्हणाली. "माझे कान वाजत असतील, पण ते यंत्र ओळखू येणार नाही इतके गेलेले नाहीत. आता घरही सोडायला सांगितलंय. घर गिरणीचं. पण पोरी, घराचं मला काही नाही. सेथ कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचा. त्या माणसाला आगाऊ म्हणतात, ते मला गिळवत नाही."

हेस्टरने खोलीत अंधार केला आणि शॉट यंत्रावर चढवला. अल्मा नवऱ्याच्या मरणाच्या जागेकडे न हलता पाहत राहिली. हेस्टर मात्र युद्धात लागलेल्या सवयीने मधला भाग सोडून कडा पाहत होती. जाळी, तरुणी, तिच्यामागे खिडकी. खिडकीबाहेर उतरती छपरं, आणि त्यापलीकडे...

तिने यंत्र थांबवलं. चित्र पडद्यावर गोठलं.

"मिसेस एन्ट्विसल," ती हळूच म्हणाली, "खिडकीत काय दिसतंय तुम्हाला?"

अल्माने डोळे बारीक केले. मग तिने चहाचा कप खाली ठेवला आणि ती पडद्याजवळ गेली.

"ब्लॅकनॅबची टेकडी," ती म्हणाली.

३

लंडनच्या माणसाला त्यात काही वाटलं नसतं. टेकडी ती टेकडी. पण ओल्डरशॉत गिरण्यांची धुराडी रानासारखी दाट होती आणि ती पेटलेली असताना समोरच्या गल्लीचं टोक दिसलं तरी नशीब. ब्लॅकनॅब दिसायची ती वर्षातून एकदाच, वेक्सच्या सुट्टीत, सगळी धुराडी थंड पडल्यावर. ब्लॅकपूलला न जाणारी म्हातारी माणसं तेव्हा दारात खुर्च्या टाकून टेकडीच बघत बसायची.

म्हणजे हा शॉट त्या गुरुवारचा नव्हता. सेथ पुरला गेल्यानंतर, बंद गिरणीत, एकच यंत्र चालवून तो घेतला होता. अल्माचे कान वाजले नव्हते.

पण घेतला कुणी? आणि शॉटचं शेपूट, तो पुढचा तुकडा, कापलं कुणी? चौकशीच्या आधी या खोलीत तिघे येऊन गेल्याचं आधीच्या संकलिकेने फोनवर सांगितलं. दिग्दर्शक ज्युलियन फेअरबर्न, कॅमेरामन विल्फ टाऊनली आणि चित्रण बघायला खास लंडनला आलेले ग्रेटोरेक्स. तिघांनी तुकडे पाहिले, तिघेही कधी ना कधी खोलीत एकटे होते.

अल्माला हेस्टरने आपल्या घरी पाठवलं आणि ती टाऊनलीला गाठायला खालच्या पबमध्ये गेली. टाऊनली हा ईस्ट एंडचा गडी, तोंडाचा फटकळ. त्याने चक्क कबूल केलं की तो शॉट आपण घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण इतके शॉट घेतले, कुठले कुठले लक्षात ठेवायचे? वेक्सच्या आठवड्यात तो ब्लॅकपूलला होता, वाळूवर गाढवांच्या पाठीवर बसलेली पोरं टिपत. ते चित्रण हेस्टरनेच तर दुसऱ्या एका फिल्मसाठी जोडलं होतं. एक कॅमेरा त्याच्याकडे होता, दुसरा गिरणीच्या कपाटात.

हेस्टरने सहज विचारलं, पिंजणखात्याच्या खिडकीतून दिसणारी ती टेकडी त्याला कशी वाटली?

"कसली टेकडी?" टाऊनली म्हणाला. "पडद्यावर कोण खिडकी बघत बसतं? मी तिथे होतो तेव्हा खिडकीबाहेर राखाडी गोधडी टांगलेली होती नुसती. मी फेअरबर्नला म्हटलंसुद्धा, तिकडे कॅमेरा फिरवू नको, काच पुसायची राहिलीय असं वाटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी फेअरबर्न ऑफिसात आला. देखणा, चांगल्या शाळेतला, बोलणं मधाळ. या फिल्मनंतर सरकार त्याला मोठी, तासाभराची फिल्म देणार, अशी हवा होती. हेस्टरने त्याच्या कामाची तारीफ केली. पिंजणखात्यातल्या शॉटची चौकट काय सुंदर साधलीय, म्हणाली. पुढे यंत्र, मागे टेकडी.

फेअरबर्न खूश झाला. "लक्षात आलं ना तुमच्या? मुद्दाम घेतली ती टेकडी मी. गुरुवारी सकाळी खात्यात शिरलो आणि पहिलं लक्ष तिकडेच गेलं."

"आणि टाऊनलीला आवडली का?"

"त्याला काय कळतंय," फेअरबर्न हसला. मग हेस्टर हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचंही हसू विरत गेलं. "का? तुम्ही हे का विचारताय?"

४

कॅमेरा कुणी चालवला ते आता कळलं होतं. ती टेकडी पाहिलेला माणूस वेक्सच्या आठवड्यात त्या खोलीत होता. पण शेपूट कापणारा फेअरबर्न नव्हता, हे हेस्टरला तितकंच स्वच्छ दिसत होतं. फिल्मच्या धंद्यातला माणूस दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर कापतो. झोपेतही त्याचा हात चित्रावर जात नाही. आणि प्रिंटचा तुकडा कापून नेऊन काही साधत नाही, हे तर ऑफिसातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. मूळ निगेटिव्ह धुलाईच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेलं असतं. कापणाऱ्याला वाटलं, कागद फाडावा तशी फिल्म फाडली की संपली. तो फिल्मवाला नव्हताच. म्हणजे ग्रेटोरेक्स.

पण त्यांना त्या शेपटात भिण्यासारखं दिसलं तरी काय? आवाज नसलेला तुकडा. एक पोरगी मान वळवून काहीतरी बोलते. फेअरबर्नने तो पाहिला होता, टाऊनलीने पाहिला होता, दोघांनाही काही वावगं वाटलं नव्हतं. तिघांपैकी एकालाच ती भीती का वाटावी?

जिन्यात उभ्या उभ्या हेस्टरला उत्तर सापडलं. कारण तिघांपैकी एकच जण गिरणीत वाढला होता. दोघांनी तो तुकडा नुसता पाहिला होता. ग्रेटोरेक्सनी तो ऐकला होता.

प्रयोगशाळेतून नवी प्रिंट आली. हेस्टरने ती एकटीने पाहिली, पुन्हा पाहिली, मग सरळ कारखाना निरीक्षक मिस पॉन्सफर्ड यांचं ऑफिस गाठलं. मिस पॉन्सफर्ड उंच, रुक्ष आणि सरळ बाई होत्या. त्यांनी तुकडा पाहिला, टेकडीची हकिगत ऐकली, आणि मान हलवली.

"माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "पण ओठ वाचणारी साक्षीदार एकटी, तीही तुम्ही. ग्रेटोरेक्सचा वकील म्हणेल, बाईला भास झाला. टेकडीबद्दल म्हणेल, त्या दिवशी वाऱ्याने धूर पांगला होता. त्या मुलीला विचारायला गेलं तर ग्रेटोरेक्सना आधीच कळेल. एकाने वाचलं तर तो अंदाज. दहा जणांनी, एकमेकांना न विचारता, तेच वाचलं तर मी ऐकून घेईन."

"दहाच कशाला?" हेस्टर म्हणाली. "मी तुम्हाला गावच देते."

पण तो तुकडा फिल्ममध्ये जोडायचा तर फेअरबर्नची फिल्म त्याच्या नकळत बदलावी लागणार होती. फसलं तर हेस्टरची नोकरी गेली, आणि अल्माच्या पदरी दुसऱ्यांदा नाचक्की. तिने घरी येऊन अल्माला तसं सांगितलं. तुकड्यात काय आहे ते मात्र सांगितलं नाही. कुणालाच आधी कळता कामा नये, हीच तर कसोटी होती. अल्मा तिची भांडी घासत होती. ती म्हणाली, नवरा गेला, नाव गेलं, घर जातंय. आता नाचक्कीला उरलंय काय? जोड तू.

५

ओल्डरशॉच्या सभागृहात गिरणीकामगारांनी खुर्च्या भरून टाकल्या. बायका डोक्याला रुमाल बांधून, पुरुष टोप्या मांडीवर घेऊन. पुढच्या रांगेत नगराध्यक्ष, ग्रेटोरेक्स, फेअरबर्न आणि मिस पॉन्सफर्ड. मागे अल्मा. ती आत आली तेव्हा काहींनी माना खाली घातल्या होत्या. वाईट वाटत होतं त्यांना, पण कोर्टात दाखवलेली फिल्म न पाहताच सगळ्यांनी मानली होती.

दिवे मालवले. निवेदकाचा घोटीव, दक्षिणी आवाज सुरक्षिततेचे नियम सांगू लागला आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या करकरू लागल्या. मग पिंजणखातं आलं. जाळी आली. कुठूनतरी कुणीतरी "ब्लॅकनॅब" असं पुटपुटलं आणि ते नाव रांगारांगांतून पुढे सरकत गेलं. ग्रेटोरेक्सनी मान वर केली.

निवेदन थांबलं. संगीतही थांबलं. शॉट मात्र तुटला नाही.

पडद्यावरची तरुणी वळली आणि बोलू लागली. गिरणीतल्या बायकांना एक खोड असते. कुणी दूरवर ओठांनी बोललं, की पाठमोऱ्या मैत्रिणीसाठी त्या ते मोठ्याने म्हणून दाखवतात. मधल्या रांगेतून एक आवाज आला. त्यात दुसरा मिसळला, मग पाच, मग पन्नास. पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसं सगळं सभागृह एका सुरात म्हणू लागलं.

"ही जाळी कालच आली ना? रंग अजून ओला आहे. माझे हात बरबटले."

पडद्यावर चौकटीच्या कडेला एक पुरुष आला, अर्धा चेहरा दिसेल इतकाच. ग्रेटोरेक्स.

"गप्प राहा," सभागृह म्हणालं. "फेअरबर्न म्हणतात, गुरुवारचंच वाटलं पाहिजे."

आणि पुन्हा ती तरुणी, आता न हसता: "सेथला बिचाऱ्याला ही दिसलीच नाही."

शेवटचं वाक्य म्हणताना कित्येकांचे आवाज फाटले. पडदा पांढरा झाला, दिवे लागले. ग्रेटोरेक्स उभे राहून म्हणत होते की हा खोडसाळपणा आहे, ओठांवरून वाट्टेल ते वाचता येतं. फेअरबर्न मात्र बसूनच होता, चेहऱ्यावर हात ठेवून.

मग डाव्या बाजूच्या रांगेतून एक मुलगी उठली. गिरणीच्या ऑफिसातली टंकलेखिका, मेव्हिस हॅल्सॉल. पडद्यावर कामकरी पोशाखात होती ती हीच. केसांत कापसाचा एक तंतू नसलेली.

"वाट्टेल ते नाही वाचलं, साहेब," ती म्हणाली. ती बसली नाही. "मी अगदी हेच बोलले होते. वेक्सच्या सुट्टीत, बुधवारी. तुम्ही म्हणालात, फिल्ममध्ये चेहरा येईल. कोर्टात दाखवणार आहात हे नव्हतं सांगितलं. नंतर कळलं, तर म्हणालात, तोंड उघडलंस तर बापाचीही नोकरी जाईल."

तिचा बाप शेजारीच बसला होता. त्याने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांची सगळी रांग उठली. मग मागची. खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला आणि सारं सभागृह उभं राहिलं, तोंडं पडद्याकडे नव्हे, मागे, अल्माकडे.

मिस पॉन्सफर्ड यांनी ग्रेटोरेक्सना शांतपणे सांगितलं की त्यांनी गाव सोडू नये. फेअरबर्नने तिथल्या तिथेच सगळं ओकून टाकलं. गिरणीत जाळी कधी नव्हतीच. सरकारी फिल्म हातची जाऊ नये म्हणून त्याला जाळीचा शॉट हवा होता. ग्रेटोरेक्सनी घाईने जाळी बनवून घेतली आणि बंद गिरणीत त्याने तो घेतला. तेव्हा वाटलं, फक्त फिल्मसाठी आहे. मग कोर्टात विचारलं तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही.

"हिंमत तुमच्याकडे नव्हती," हेस्टर त्याला म्हणाली, "म्हणून अल्माने तीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसांसमोर मान खाली घालायची होती का?"



चौकशी नव्याने झाली. या वेळी अल्माला पहिल्या रांगेत बसवलं. सेथ एन्ट्विसल निर्दोष ठरला, दोष गिरणीचा ठरला. ग्रेटोरेक्स आणि फेअरबर्न दोघांना तुरुंग दिसला. अल्माचं घर अल्माकडे राहिलं. आणि गिरणीने आपणहून जाळ्या बसवायची वाट कामगारांनी पाहिली नाही. प्रत्येक पट्ट्यावर जाळी बसेपर्यंत एकही यंत्र चालू करायला त्यांनी साफ नकार दिला. खोऱ्यातल्या बाकीच्या गिरण्यांनीही तोच हट्ट धरला आणि तो पुरवून घेतला.

फिल्म पुन्हा नव्याने करायचं ठरलं. ती हेस्टरकडेच आली, दिग्दर्शनासकट, कॅमेऱ्यावर टाऊनली. निवेदनासाठी सरकारी अधिकाऱ्याने नेहमीचा घोटीव आवाज सुचवला, तेव्हा हेस्टर म्हणाली की आवाज तिने आधीच निवडला आहे. अधिकाऱ्याने नाक मुरडलं, खेडवळ उच्चार लोकांना कळायचे नाहीत म्हणाला. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मात्र त्याने सही केली.

हिवाळ्यात लंडनच्या एका मोठ्या चित्रपटगृहात हेस्टर आणि अल्मा वरच्या सज्जात शेजारी शेजारी बसल्या होत्या. सरकारी फिल्मची पाटी पडद्यावर आली. आइस्क्रीमवाली मुलगी गळ्यात तबक अडकवून मधल्या वाटेत आली, चुळबूळ सुरू झाली, माणसं उठू लागली. तेवढ्यात अंधारातून एका बाईचा जाडाभरडा, सावकाश आवाज आला.

"माझ्या नवऱ्याचं नाव सेथ एन्ट्विसल. तो फार जपून काम करायचा."

उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. मग एकेक करून खाली बसली. आइस्क्रीमवालीही तबक सावरून पायरीवरच टेकली.

अल्माने हेस्टरच्या बाहीला धरून तिला वळवलं आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "बघ की, कुणी हलत नाही."